कचरा कोणाला म्हणावे?

आलापल्लीच्या सागवानी जंगलात निवडतोडीच्या कूपात आधी हातोडा फिरतो. ज्या झाडावर शिक्का उमटला ते जायचे, बाकीची उभी राहायची. खोटा शिक्का मारणे किंवा असलेला मिटवणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली गुन्हा आहे. संगणकाची मेमरी आपोआप कशी साफ होते हे प्रथम वाचले, तेव्हा चंद्रपूरच्या माझ्यासारख्याला हा हातोडा आठवला. पण तिथली रीत उलटी आहे. तिथे शिक्का राहणाऱ्यावर पडतो.

ही युक्ती जॉन मॅकार्थी यांची. लिस्प या भाषेवरचा त्यांचा निबंध एप्रिल १९६०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेमरीचे सुमारे १५,००० कप्पे मोकळे धरून प्रोग्रॅम सुरू होतो. ते संपले की ठरावीक मुळांपासून दुव्यादुव्याने चालत जायचे, वाटेत भेटेल त्या कप्प्याचे चिन्ह बदलायचे आणि चिन्ह न बदललेले सगळे मोकळे करायचे. एका फेरीला काही सेकंद लागत. निबंधात ‘कचरा गोळा करणे’ हा शब्द नाही. आपसात मात्र तो रूढ होता, आणि छापताना आपण कच खाल्ली असावी, असे मॅकार्थींनीच पुढे लिहिले.

त्यांनी सांगितलेली एक फजिती मला फार आवडते. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांपुढे लिस्पचे प्रात्यक्षिक चालू होते आणि ऐन रंगात मेमरी संपली. मग कचरा गोळा करणाऱ्याला पाचारण केल्याची वर्दी आणि त्यासोबतची आकडेवारी टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे या गतीने छापत बसले. वेळ संपली, प्रात्यक्षिक राहिले, वक्ते आणि श्रोते हसून बेजार.

त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सुचवली. प्रत्येक कप्प्याकडे किती दुवे येतात ते मोजत राहायचे, शून्य झाले की कप्पा मोकळा. १९६३मध्ये मॅकबेथ यांनी त्यातली खोच दाखवली: दोन कप्पे एकमेकांना धरून बसले, तर बाहेरचे कोणी विचारत नसले तरी शून्य कधीच येत नाही. पायथॉन ही भाषा अशाच मोजणीवर उभी होती. अशी वर्तुळे शोधणारी सोय तिच्यात २०००मध्ये आली, म्हणजे इशाऱ्यानंतर ३७ वर्षांनी.

पण या सगळ्या दुरुस्त्यांच्या मुळाशी एक गृहीत तसेच राहिले, ते म्हणजे जिथवर पोहोचता येते ते सगळे हवेच आहे. घंटागाडी दाराबाहेर ठेवलेलेच नेते. माळ्यावरची रद्दी तिला दिसत नाही.

ही रद्दी मला गडचिरोलीत भोवली. काही वर्षांपूर्वी तिथल्या काही ग्रामसभांसाठी मी तेंदूपानांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम जावा भाषेत लिहून दिला होता. फळीवर येणारे सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजायचे, पावती द्यायची, मजुरी काढायची. हंगामाच्या चौथ्या दिवशी प्रोग्रॅम रखडू लागला आणि पाचव्या संध्याकाळी ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडला. शेवटच्या नोंदी गेल्या. पहाटे तीनला जंगलात गेलेली एक बाई मला म्हणाली, “माहे पुडे मशीननं खाल्ले का जी?” उत्तर माझ्याकडे नव्हते.

आधी सगळे करतात तेच मी केले. मेमरी वाढवली, रोज दुपारी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. त्याने मरण लांबले, टळले नाही. मग मेमरीची पूर्ण प्रत काढून आत काय आहे ते मोजले. हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तिथे होती. अशा वेळी गोष्टीकडून मुळाकडे उलटे चालायचे आणि तिला कोणी धरून ठेवले आहे ते पाहायचे. धरणारा मीच निघालो. हरवलेली पावती पुन्हा छापता यावी म्हणून एक तक्ता ठेवला होता, त्यात भर पडे, वजाबाकी कधीच नाही.

जावात १९९८पासून ‘वीक’, म्हणजे साफसफाईच्या वेळी जमेस न धरले जाणारे दुवे मिळतात. मी साध्या तक्त्याच्या जागी वीक हॅश मॅप घातला. काही फरक नाही! नोंदीची किल्ली होती मजुराचे कार्ड, आणि पावतीच्या पोटात तेच कार्ड घट्ट धरलेले. भाषेच्या दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे. मी तो नंतर वाचला.

या दुखण्यावर मुंबईच्या आयआयटीत मूलभूत काम झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ संन्याल आणि अमेय करकरे यांचा निबंध २००७चा. प्रोग्रॅमचा मजकूर तपासून कोणता दुवा यापुढे वापरला जाणार नाही हे आधीच ओळखायचे आणि तिथे तो तोडणारी ओळ घालायची, म्हणजे साफसफाई करणाऱ्याला तिथवर पोहोचताच येत नाही, असा त्यांचा मार्ग आहे. मला तो अतिशय पटतो. तरी माझा दोष त्यालाही सापडला नसता. ‘पुन्हा छापा’ हे बटण कोणी कधीही दाबू शकतो, त्यामुळे प्रत्येक पावती लागू शकते असेच त्याला धरावे लागते.

शेवटी मी फळीवरच्या मुन्शींना विचारले, जुनी पावती लोक किती दिवसांनी मागतात? ते म्हणाले, “दुसऱ्या दिवशीपर्यंत. मग कोणी इचारत नाही.” तक्त्यात आता दोन दिवसांच्या पावत्या राहतात, त्याआधीची लागलीच तर डिस्कवरून वाचली जाते. बदल सहा ओळींचा होता.