दिल्ली दरबारातला हेरल्ड

१ जानेवारी १८७७ची दुपार. दिल्लीबाहेरच्या मोकळ्या मैदानात तुम्ही उभे आहात. कर्णे वाजतात आणि मेजर बार्न्स पुढे येतो. अंगावर युरोपच्या मध्ययुगातला पोशाख. हा मुख्य हेरल्ड. जाहीरनामा वाचतो : व्हिक्टोरिया राणी आता हिंदुस्थानची सम्राज्ञी. इंग्रजी समजलं नाही तरी थांबा, पाठोपाठ उर्दू तर्जुमा होईल.

स्वारीपुढची भालदार-चोपदारांची ललकारी तुमच्या कानांना सवयीची आहे. हेरल्ड तेवढ्यावर थांबत नाही. कोणत्या घराण्याच्या ढालीवर कोणतं चिन्ह, याची दप्तरं विलायतेत तोच राखतो. पूर्वी तर तो गावोगाव फिरून तपासणी करी आणि हक्क नसताना चिन्ह मिरवणाऱ्याला मनाई करी.

इथे मात्र चिन्हंच नव्यानं घडवली आहेत. दरबाराआधी व्हाइसरॉय लिटननं राणीच्या तसबिरीसमोर एकेका राजाला निशाण बहाल केलं. चिनी साटिनचं, ढालीच्या घाटाचं, आणि इतकं जड की पेलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागले. अशी सुमारे नव्वद निशाणं. त्यांवरची चिन्हं बेतली बंगालच्या मुलकी नोकरीतल्या रॉबर्ट टेलरनं. त्यानं घराण्यांच्या दंतकथा, दैवतं, इतिहास, मुलखाची ठेवण हे सारं विचारात घेतलं. पण बसवलं ते विलायती ढालीत.

समोर बसलेल्यांकडे नीट बघा. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे. इंदूरचे तुकोजीराव होळकर. बडोद्याचे सयाजीराव, अजून चौदाही पुरी नाहीत. यांच्या वाडवडिलांनी जरीपटक्याखाली उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. जरीपटकाही वरून मिळालेला मानच होता, कबूल. पण तो देणारी गादी साताऱ्याची होती. त्यांच्या वंशजांना सरकारी नोकरानं बेतलेलं कुलचिन्ह परक्या हातून घ्यावं लागतं, हे मला फार लागतं. जो चिन्ह देतो, तो गादीही काढून घेऊ शकतो. १८७५मध्ये याच सरकारनं मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं आणि मगच सयाजीराव बडोद्याला दत्तक आले.

दरबारासाठी पुण्याहून सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशीही आलेत, हातानं कातलेल्या सुताच्या खादीत. तिकडे दख्खनेत दुष्काळ आहे. सभेतर्फे त्यांनी आणलेल्या मानपत्रात मागणी आहे : ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा, तोच हिंदी प्रजेला द्या.