परवाना, खिडकी आणि कौल

पेशवाईत नवी पेठ वसवायची झाली म्हणजे सरकारातून शेटे-महाजनांना कौल दिला जाई. अमुक वर्षांपर्यंत जकात माफ, त्यापुढे इतकी पट्टी, व्यापाऱ्यास उपद्रव होणार नाही, असे अभय त्या कागदात असे. होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांच्या जुन्या दप्तरांत ‘कौल’ आणि ‘परवाना’ हे दोन्ही शब्द भेटतात. दोहोंत मोठा भेद आहे. परवाना म्हणजे मागणाऱ्यास दिलेली अनुमती. तिच्यात बंधन असते ते घेणाऱ्यावर. कौलात मात्र देणारा स्वतःला बांधून घेतो. उद्योग-व्यापाराच्या परवानग्या संगणकाच्या एकाच मंचावर आणण्याचे जे प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत झाले, त्यांचा इतिहास वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

स्वतंत्र भारतातील परवानापद्धतीचे मूळ १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमात आहे. ८ मे १९५२ पासून तो अमलात आला. त्यामागील हेतू वाईट नव्हता. परकीय चलन अपुरे, पोलाद व सिमेंट दुर्मिळ. अशा स्थितीत भांडवल कोठे लागावे, मागास प्रदेशांना वाटा कसा मिळावा, हे शासनाने ठरवावे असा तो विचार होता. परंतु दुर्मिळ वस्तूचे वाटप ज्याच्या हाती, त्याच्या दारी रांग लागतेच. राजगोपालाचारींनी या व्यवस्थेला ‘परमिट-लायसन्स राज्य’ म्हणून हिणवले. दिरंगाई हेच लाचेचे उगमस्थान होते, हे संथानम समितीने १९६४ मध्ये नोंदवले. पुढे हजारी यांचा अहवाल (१९६७) आणि दत्त समितीचा अहवाल (१९६९) यांनी दाखवून दिले की, मक्तेदारीला आळा घालण्यासाठी योजलेले परवाने मोठ्या उद्योगसमूहांनीच अधिक प्रमाणात मिळवले होते. अखेर २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण संसदेत मांडले गेले आणि अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांचे औद्योगिक परवाने रद्द झाले.

यानंतर ‘परवानाराज संपले’ असे सर्रास लिहिले जाऊ लागले. संपले होते ते दिल्लीचे. जिल्ह्याच्या गावी कारखाना काढणाऱ्याला कारखाना निरीक्षक, बॉयलर निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ, विद्युत मंडळ, अग्निशमन, वजनमापे, नगरपालिका आणि जमिनीच्या अकृषिक वापरासाठी महसूल खाते, एवढ्या पायऱ्या पूर्वीप्रमाणेच चढाव्या लागत. प्रत्येक खात्याचा अर्ज निराळा, नकाशाच्या प्रती निराळ्या. एका खात्याची ना-हरकत मिळाल्यावाचून दुसरे खाते नस्ती उघडत नसे.

मात्र या परवानग्या कोणा कारकुनाच्या लहरीतून निघालेल्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. भोपाळमध्ये २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले, ते मध्य प्रदेशातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आणि १९८७ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती ही त्या रात्रीची अपत्ये होत. अनेक परवान्यांच्या मुळाशी अशी एखादी दुर्घटना असते. पुढे घटना विस्मरणात जाते आणि अर्ज तेवढा उरतो.

या विखुरलेल्या परवानग्या एकत्र आणण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात जनता सरकारने लघु व ग्रामोद्योगांची सर्व कामे प्रत्येक जिल्ह्यात एकाच संस्थेने करावीत असे ठरवले आणि १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. छप्पर एक झाले, पण अधिकार त्याच्याखाली आले नाहीत. केंद्राचा व्यवस्थापक अर्ज घेई आणि आवश्यक त्या खात्याकडे अग्रेषित करी. त्या खात्याने उत्तर दिले नाही, तर स्मरणपत्र धाडण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसे. ज्यांनी शासकीय सेवा केली आहे, त्यांना स्मरणपत्राची किंमत ठाऊक आहे.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारचाच. जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झाला. पवारांच्या जुन्या संस्थानातील खेड्यांत सूचनालये उघडली, संगणकांच्या जाळ्याने ती जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडली आणि ‘सूचक’ म्हणवणारे स्थानिक तरुण ती चालवू लागले. मंडीचे भाव, जमिनीच्या नोंदींच्या प्रती, दाखल्यांसाठी अर्ज, तक्रारी अशी कामे अल्प शुल्कात तेथे होत. व्यापारी परवाने हा त्याचा विषय नव्हता. पण सरकारची अनेक दारे एकाच पडद्यावर आणण्याचे तत्त्व तेच होते. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला, आणि मग काही वर्षांत त्याचा जोर ओसरला. वीज आणि दूरध्वनी यांची साथ अपुरी होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल होते. अर्ज तारेवरून क्षणात पोहोचे, पण पोहोचे त्याच टेबलावर, जेथे तो पूर्वी टपालाने पोहोचत असे. तेथील वेग बदलला नव्हता.

हे वर्म ओळखणारा कायदा मध्य प्रदेशातच झाला, याचा आपणांस अभिमान वाटावा. २०१० चा लोकसेवा हमी अधिनियम हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. तो त्या वर्षी २५ सप्टेंबरपासून लागू झाला. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने द्यायची आणि न दिल्यास अपील कोणाकडे, हे त्यात ठरले. विलंबाबद्दल त्या अधिकाऱ्यावर दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली आणि ती रक्कम अर्जदारास भरपाई म्हणून देता येऊ लागली. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठे आहे. तोवर मुदत चुकण्याचा दंड अर्जदार भरत असे. प्रथमच तो अधिकाऱ्याच्या नावावर लागला. शासनाने स्वतःला बांधून घेतले. जुन्या भाषेत सांगायचे तर हा कौलच होय.

उद्योगांच्या बाबतीत हाच धागा हैदराबादकडे दिसतो. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००२ मध्ये एक-खिडकीचा कायदा केला होता. कर्नाटकानेही त्याच वर्षी उद्योग-सुलभीकरणाचा कायदा केला. नव्या तेलंगणाने २०१४ च्या ‘टीएस-आयपास’ कायद्याने पुढचे पाऊल टाकले. मोठ्या प्रकल्पांना १५ दिवसांत आणि इतरांना ३० दिवसांत मंजुरी, उद्योजकाचे स्वयंप्रमाणन आणि मुदत टळल्यास मंजुरी मिळाली असे मानणे, ही त्याची अंगे होत. जून २०१५ पासून ही व्यवस्था चालू झाली.

केंद्राची वाटचाल अधिक रेंगाळत झाली. २००६ च्या राष्ट्रीय ई-शासन योजनेत ‘ई-बिझ’ हा एक प्रकल्प होता. त्याचे संकेतस्थळ उघडले ते २०१३ मध्ये. ते अपेक्षेइतके रुजले नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२१ रोजी ‘राष्ट्रीय एक खिडकी प्रणाली’ सुरू झाली. आरंभी केंद्राची १८ खाती आणि ९ राज्ये तीत होती. कोणत्या धंद्याला कोणत्या मंजुऱ्या लागतात, हे काही प्रश्नांची उत्तरे देऊन घरबसल्या कळण्याची सोय तीत झाली. २०२३ च्या अर्थसंकल्पात पॅन क्रमांक हीच व्यवसायाची सामाईक ओळख मानण्याची घोषणा झाली. एकच माहिती दहा ठिकाणी लिहिण्याचा जाच ज्याने सोसला आहे, त्याला या साध्या गोष्टीचे मोल कळेल.

तरीही दोन सावधगिरीच्या सूचना नोंदवाव्याशा वाटतात. पहिली मुदत टळताच मिळणाऱ्या मंजुरीबद्दल. मिठाईच्या दुकानाला ती अवश्य मिळावी. विषारी रसायनांच्या कारखान्याला मिळता कामा नये. भोपाळच्या कारखान्याकडे परवान्यांचे कागद होतेच. तेथे उणीव होती ती डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीची. परवाने सुलभ करताना निरीक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर कागद जलद मिळेल आणि धोका तेथेच राहील. म्हणून धोक्याच्या प्रमाणात परवानग्यांची प्रतवारी करणे हे संगणकाआधीचे काम आहे.

दुसरी सूचना लहान दुकानदाराविषयी. कार्यालयाच्या फाटकाशी बसणारा मध्यस्थ आता संगणकाच्या दुकानात बसतो, इतकाच फरक अनेक ठिकाणी पडला आहे. पडद्यावर ‘त्रुटी’ असा शेरा उमटतो, पण त्रुटी कोणती आणि ती कशी दूर करावी, हे सांगणारा माणूस समोर नसतो. जुन्या कार्यालयातील एखादा सज्जन लिपिक निदान अर्जावर बोट ठेवून चूक दाखवी. त्याची जागा यंत्राला घ्यायची असेल, तर शेरा सविस्तर, सकारण आणि अर्जदाराच्या भाषेत असला पाहिजे. बेळगावच्या किंवा इंदूरच्या मराठी व्यापाऱ्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

सारांश, छप्पर, टेबल, खिडकी, मंच अशी नावे बदलत गेली आणि प्रत्येक नावाबरोबर थोडी सोयही वाढली. पण १९७८ चे केंद्र आणि २००० चे सूचनालय ज्या ठिकाणी अडले, तेथून पुढे नेले ते २०१० आणि २०१४ च्या कायद्यांनी. यंत्राने ते काम अधिक वेगवान आणि उघड केले. यापुढे कोणताही नवा मंच समोर आला, तर तीन प्रश्न विचारावेत : काम कोणी करायचे, किती दिवसांत करायचे, आणि न झाल्यास कोणी भरून द्यायचे? तिन्हींची उत्तरे लेखी मिळत असतील, तर तो कौल आहे. नसतील, तर तो नव्या वेष्टनातला परवानाच समजावा.