माग अनेक, पाजणी एक

उत्पादनशक्ती वाटून घेणे हा नवा शोध नव्हे, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. हातमागाच्या काळी प्रत्येक विणकराचा माग त्याच्या घरात असे. पण ताण्याला खळ लावण्याची पाजणी घरात मावत नसे. ताणा गल्लीत पसरावा लागे आणि सूत वाळण्याच्या आत कुंचा फिरवावा लागे. शेजारी हात लावीत. आज याचा ताणा, उद्या त्याचा.

1877 साली सुरू झालेल्या आपल्या ‘जुन्या गिरणी’ने सूतकताई आणि विणाई एका छपराखाली आणली. त्यात बळ होते, तसा धोकाही होता. 1949 साली ती बंद पडली तेव्हा हजारो चुली एकदम विझू लागल्या. परंतु दार एक होते, मालक ठाऊक होता. म्हणूनच 1950 साली भारत सरकारला त्या एका गिरणीसाठी खास कायदा करून कारभार हाती घेता आला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही सुरुवातीला तो उचलून धरला.

यंत्रमागांनी जुनी गल्लीच पुन्हा आणली. आठदहा मागांच्या कारखानदाराला सायझिंगचे यंत्र परवडत नाही. म्हणून एकाच सायझिंगमधून अनेकांचे बीम निघतात. चादरींची मोठी मागणी आली की ती चौघांत वाटली जाते. मंदीत रिकामे माग दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने चालतात. यामुळे लहान कारखानदार तगला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण कामगाराचे काय? भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस माणसांपासून लागू होतो. एका ठिकाणी आम्ही पाहिले: छप्पर एक, पाट्या तीन, आणि कोणत्याही पाटीखाली वीस माणसे नाहीत! शाखा एकत्र धरण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती सिद्ध करता करता माणूस म्हातारा होतो. बीम एका पाटीखालून दुसरीखाली सहज जातो. कामगाराच्या नोकरीची वर्षे मात्र जात नाहीत.

माग वाटून घ्या, सायझिंग वाटून घ्या. आमची हरकत नाही. मात्र जबाबदारीही वाटून घ्या. गल्लीतल्या पाजणीत प्रत्येकाला ठाऊक असे की, उद्या आपल्याही ताण्याला हात लागणार आहे. तेवढी खात्री माग चालविणाऱ्याला द्या, एवढेच आमचे मागणे आहे.