व्यक्तिचित्रासाठी संदर्भाची निवड व रचना : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
महाविद्यालये, ग्रंथालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या सभागृहांत थोर पुरुषांची आणि संतांची तैलचित्रे लावण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. असे चित्र करवून घेताना चित्रकाराच्या हाती बहुधा एखादे दिनदर्शिकेवरील चित्र अथवा जुने छायाचित्र दिले जाते. त्या कागदाची निवड कोणत्या आधारावर झाली, हे सहसा कोणी विचारीत नाही. मात्र चित्र एकदा भिंतीवर लागले की पुढील कित्येक पिढ्या तोच चेहरा खरा मानतात. म्हणून संदर्भाची निवड हा केवळ कलेचा नव्हे, तर इतिहासाच्या साधनांच्या चिकित्सेचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याशी संबंधित उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. उपलब्ध साधनांच्या स्वरूपानुसार या उदाहरणांचे चार प्रकार संभवतात.

१) छायाचित्र उपलब्ध असलेली व्यक्ती :
हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३-१९७२) यांची छायाचित्रे उपलब्ध असल्याने येथे काम सोपे आहे, असे वाटते. तथापि पहिला प्रश्न वयाचा येतो. १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तिदिनाचे स्मरण म्हणून चित्र काढावयाचे असल्यास सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या स्वामीजींचा चेहरा हवा. वार्धक्यातील छायाचित्र अधिक स्पष्ट आहे म्हणून ते निवडणे प्रसंगाशी विसंगत ठरते. दुसरा प्रश्न रंगाचा होय. कृष्णधवल छायाचित्रातून वस्त्राचा रंग कळत नाही. स्वामीजी संन्यासी होते, या माहितीवरून भगवा रंग ठरविता येतो. परंतु ते ज्ञान छायाचित्राबाहेरून आलेले असते. तिसरा प्रश्न प्रकाशाचा. चेहरा एका छायाचित्रातून व खांदे दुसऱ्यातून घेतल्यास दोहोंतील प्रकाशाची दिशा एकच असावी लागते. अन्यथा मस्तक धडावर चिकटविल्यासारखे दिसते.

२) समकालीन चित्र उपलब्ध असलेली व्यक्ती :
या प्रकारातील सर्वांत बोधप्रद उदाहरण छत्रपती शिवाजी महाराजांचे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इब्राहिमखान नामक दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र १९३३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ही चूक दूर झाली. एक अविश्वसनीय संदर्भ किती सहज समाजमान्य होतो, याचे हे ठळक प्रमाण होय.

आज उपलब्ध असलेल्या जुन्या चित्रांत आम्सटरडॅम येथील राइक्सम्युझियममधील विट्सेन संग्रह, लंडन येथील ब्रिटिश म्युझियममधील गोवळकोंडा शैलीचे चित्र आणि मनुचीसाठी मीर मुहम्मद याने काढलेले, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील अश्वारूढ चित्र यांचा प्रामुख्याने उल्लेख करावा लागतो. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्यास गेले होते, हे ध्यानात घेता तेथील शैलीच्या चित्रांचे मोल वाढते. तरीही ही लघुचित्रे आहेत आणि त्यांत चेहरा एका बाजूने वा किंचित वळलेला दिसतो. सभागृहासाठी समोरून पाहणारा चेहरा मागितल्यास त्याची रुंदी व दुसरी बाजू चित्रकाराला अनुमानानेच भरावी लागते. त्यामुळे मूळ साधनातील बाजू कायम ठेवणारी रचना अधिक प्रामाणिक ठरते.

लिखित साधनेही नेहमी एकमुखी नसतात. सुरतेतील इंग्रज धर्मोपदेशक एस्कॅलिओ याने १६६४ मधील पत्रात, महाराजांना पाहिलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, मध्यम बांधा, तीक्ष्ण डोळे आणि आपल्या लोकांपेक्षा उजळ वर्ण असे वर्णन केले आहे. १६६६ च्या सुमारास भारतात आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो मात्र लहान चण, गव्हाळ वर्ण आणि चपळ डोळे असे लिहितो. डोळ्यांविषयी दोघांचे एकमत आहे, वर्णाविषयी नाही. चित्रकाराने डोळ्यांविषयी ठाम राहावे आणि वर्णाबाबत संयम राखावा, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

३) समकालीन चित्र नसलेली व्यक्ती :
तेर येथील संत गोरोबा कुंभार यांचे समकालीन चित्र नाही. येथे 'साम्य' हा निकषच लागू होत नाही. चिखल तुडविणे, चाक, मडकी आणि विठ्ठलभक्ती या खुणांवरूनच त्यांची ओळख पटते. अशा चित्रात चेहऱ्यापेक्षा परिसराच्या अचूकतेला महत्त्व येते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन मृण्मय वस्तूंचा मोठा संग्रह आहे आणि चित्रकाराला त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु सातवाहनकालीन वस्तू आणि गोरोबाकाका यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. गाव एकच म्हणून काळही एक होत नाही. त्यापेक्षा आजही टिकून असलेल्या पारंपरिक कुंभारकामाचे निरीक्षण अधिक उपयोगी पडते. मात्र ते अनुमान आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे.

४) श्रद्धेतील प्रसंग :
तुळजाभवानी महाराजांना तलवार देत आहे, हा प्रसंग मराठी घराघरांत परिचित आहे. २०२५ मध्ये तुळजापूर येथे या प्रसंगाचे भव्य शिल्प उभारण्याच्या निमित्ताने देवी अष्टभुजा असावी की द्विभुजा, अशी सार्वजनिक चर्चा झाली. या चर्चेत दोन भिन्न संदर्भ समोरासमोर येतात. मंदिरातील मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. छापील चित्रांतून मात्र देवीची निरनिराळी रूपे रूढ झाली. मूर्ती प्रमाण मानल्यास रचनेची अडचण उद्भवते. तिचे हात आयुधांत व असुराच्या मर्दनात गुंतलेले आहेत. मग तलवार कोणत्या हाताने द्यावयाची? द्विभुजा रूप घेतल्यास प्रसंग स्पष्ट होतो, पण तुळजापूरच्या देवीची ओळख पुसट होते. हा पेच कलावंताच्या कौशल्याने सुटण्यापूर्वी चित्र करवून घेणाऱ्यांनी आपण मूर्ती दाखवीत आहोत की कथा, हे ठरविणे आवश्यक आहे. तसेच हा प्रसंग परंपरेतील श्रद्धेचा आहे, दरबारी नोंदीतील नव्हे. १६५९ मधील अफझलखानाची स्वारी आणि त्यानंतर प्रतापगडावर झालेली भवानीची स्थापना यांतून महाराजांची देवीवरील निष्ठा इतिहासाला ज्ञात आहेच. चित्राने श्रद्धेला श्रद्धा म्हणूनच मांडल्यास तिचा मान उणावत नाही.

निष्कर्ष :
१. चित्र सोपविण्यापूर्वी संदर्भाचा मूळ स्रोत व काळ लेखी नोंदवावा; केवळ प्रचलित असणे हा पुरावा नव्हे.
२. चित्र कोणत्या प्रसंगाचे व कोणत्या वयाचे, हे आधी ठरवून मगच संदर्भ निवडावा.
३. चेहऱ्याची बाजू, प्रकाश व वेशभूषा मूळ साधनाशी सुसंगत ठेवावी. जेथे अनुमान केले तेथे तसे नमूद करावे.
४. चित्राखालील पट्टीवर नाव व वर्षांबरोबर संदर्भाचा उल्लेख करावा.

यांतील चौथी सूचना खर्चाच्या दृष्टीने नगण्य आहे, परंतु तिचा लाभ दीर्घकालीन आहे. बेंद्रे यांना जुनी चूक दुरुस्त करण्यासाठी परदेशी साधनांपर्यंत जावे लागले. आजच्या चित्राखालील एक ओळ पुढील अभ्यासकाचे तेवढे श्रम वाचवू शकते. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्याच सभागृहातील चित्रांपासून अशी नोंद ठेवण्यास प्रारंभ केल्यास जिल्ह्याच्या दृश्य इतिहासाचे एक विश्वसनीय साधन निर्माण होईल.