गाळणी, झडप आणि नळरचना : जलतरण तलावांच्या तंत्रेतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

प्रस्तावना : जलशुद्धीकरणाच्या इतिहासलेखनात वाळूला मानाचे स्थान मिळाले आहे, झडपांची दखल मात्र बहुधा अभियंत्यांच्या आराखड्यांपुरतीच राहिली. गाळणीचे स्वरूप बदलताच झडपांचा व नळांचा प्रश्न नव्याने कसा उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इ.स. १८२९ मध्ये जेम्स सिम्पसन याने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्स कंपनीसाठी मंद वाळूगाळणी उभारली. अशा गाळणीत पाणी ताशी जेमतेम १० ते २० सेंटिमीटर गतीने झिरपते. गाळ वरच्या थरातच अडकत असल्याने मजुरांनी फावड्याने ती वाळू खरवडून काढणे, हीच तिची सफाई होय. प्रवाह उलटविण्याचे कारण नसल्यामुळे झडपा मोजक्याच लागत. जागा मात्र अफाट लागे.

अमेरिकन अभियंता जॉर्ज फुलर याच्या लुईव्हिल येथील प्रयोगांनंतर १९०२ मध्ये न्यू जर्सीतील लिटल फॉल्स येथे जलद वाळूगाळणी कार्यान्वित झाली. येथे गती ताशी सुमारे ५ मीटर झाली आणि गाळ खोलवर शिरू लागला. परिणामी खालून वर जोराने पाणी सोडून वाळू धुणे अपरिहार्य ठरले. कच्चे पाणी आत, शुद्ध पाणी बाहेर, धुण्याचे पाणी आत, गढूळ पाणी गटारात : प्रत्येक वाटेस स्वतंत्र झडप आली. धुलाईनंतरचे पहिले पाणी टाकून द्यावयाचे, तर आणखी एक.

इंग्लंडमध्ये १८४६ च्या स्नानगृहविषयक कायद्यानंतर निघालेले तलाव आरंभी भरावयाचे आणि मळले की रिकामे करावयाचे, अशाच पद्धतीचे होते. (पाणी मळलेल्या दिवशी प्रवेशशुल्क कमी असे, हा तपशील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी बोलका आहे.) पुढे तेच पाणी गाळून पुन्हा वापरण्याची पद्धत रूढ झाली. आधुनिक तलावाच्या वाळूगाळणीत गती ताशी ४० मीटरच्या आसपास असते आणि वरील सर्व झडपांचे काम सहा स्थितींची एकच बहुमार्गी झडप करते.

ही सोय फुकट मिळालेली नाही. तिच्यातील वळणावळणाच्या मार्गाने दाब खर्च होतो; आतील रबरी पट्टी झिजल्यास न गाळलेले पाणी शुद्ध बाजूस मिसळते. ओढ-दाब पद्धतीच्या झडपेत अडथळा कमी असतो. पण तिला दोनच स्थिती असल्याने धुलाईनंतरचा गढूळपणा तलावातच परततो.

गाळणी बदलताना खरी गफलत नळांच्या बाबतीत होते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ९० सेंटिमीटरची गाळणी बसविल्यास वाळूचे क्षेत्र सव्वादोनपट होते व धुण्याचा प्रवाहही तितकाच वाढावा लागतो. जुना दीड इंची नळ व जुना पंप तो पुरवू शकत नाहीत. वाळू उचलली जात नाही, तिचे गोळे बनतात. त्याच प्रवाहासाठी दोन इंची नळात घर्षणाने होणारी दाबहानी सुमारे एकचतुर्थांशावर येते. म्हणजेच मोठी गाळणी घेऊन नळ जुनेच ठेवणे ही काटकसर नव्हे.

धुलाईचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न तलावापुरता मर्यादित नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. तेथील संबंधित केंद्रात धुलाईचे पाणी पुन्हा प्रक्रियेत घेतले जात असे. अशा पुनर्वापरासंबंधी अमेरिकेत २००१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आला.