कोणत्या सालातली हेरल्ड?

वॉटर पेपर पाण्यात बुडवून दारावर सरळ ओढत राहा. गोल फिरवलात तर खालचा थर कळण्याआधीच निघून जाईल. मुलुंडची ही जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे, गॅरेज रिकामं करायचं आहे, आणि बाबांची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आता तुमची आहे. वरचा निळा मेटॅलिक रंग पटकन सुटतो. तो नव्वदच्या दशकातला. रस्ता मारुतींनी भरला तेव्हा आपलीही गाडी चकाकावी म्हणून त्यांनी तो मारून घेतला होता. खाली लांबीचा राखाडी थर लागतो, आणि त्याच्याखाली क्रीम रंग.

क्रीम दिसताच तुम्ही कुर्ल्यात उभे आहात. साल १९७६. पत्र्याच्या शेडमध्ये लेथ फिरतंय, पितळेचा कीस पायाशी पडतोय. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९७१ मध्ये हेरल्ड बंद केली आणि पुढच्या वर्षी गझेल आणली. इंजिन तेच ठेवलं, पण मागचा अ‍ॅक्सल बदलला. मग जुन्या गाडीचे सुटे भाग शोधत फिरायचं, नाहीतर कारागिरासमोर नमुना ठेवून नवे करून घ्यायचे. बाबा झिजलेला बुश तळहातावर धरून उभे आहेत. कारागीर मायक्रोमीटर लावतो, लांबी-रुंदी तोंडपाठ असल्यासारखा मान हलवतो. मागच्या सीटवर एक सहा वर्षांचं पोर खिडकीच्या काचेला नाक लावून तुमच्याकडे टक लावून पाहतंय. ते तुम्ही आहात. ओळख दाखवू नका.

पेपर पुन्हा ओला करा. क्रीमखाली फिकट हिरवा ड्युको लागतो. हा मूळ रंग, १९६६ चा. त्या वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला, आणि परदेशातून येणारी प्रत्येक वस्तू महागली. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. त्यात बाबांनी हेरल्ड धरली याचं कारण त्यांनी घरात फारसं कुणाला सांगितलं नाही.

ते कारण ऐकायला १९६९ च्या एका रविवारी भांडुपला या. पाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग आहे, पण लोक अजून आग्रा रोडच म्हणतात. टाटा-मर्सिडीजचे ट्रक धूर सोडत ठाण्याकडे जातायत. सिएटच्या कारखान्याच्या बाजूने रबराचा वास येतोय. कडेला हिरवी हेरल्ड उभी आहे. तिचं अख्खं नाक, बॉनेट, मडगार्ड, दिवे सगळं एकसंध पुढे उलटलंय, आणि पुढच्या टायरवर आरामात बसून एक तिशीतला माणूस इंजिनाशी बोलतोय. इंजिनापाशी इतकं मोकळं बसून काम करता येण्याचं सुख दुसऱ्या फार कमी गाड्या देतात.

तो वर बघतो. त्याच्यापेक्षा तुम्ही वयाने पंचवीसेक वर्षांनी मोठे दिसता.

"काका, जरा हा तेलाचा डबा धरता का?"

तुम्ही धरता. "ग्रीस नाही भरत?"

"सगळे तेच भरतात. पण खाली पितळी ट्रनियन आहे, आत आटे आहेत. चाक वळलं की वरचा दांडा त्या आट्यांत फिरतो. ग्रीस घट्ट होतं, पाणी शिरतं, आत गंज धरतो आणि एक दिवस चाक आडवं पडतं. ह्याला नव्वद नंबरचं गिअर ऑइलच लागतं."

मग तो डबा परत घेत विचारतो, "जुहूला येता? विमानतळावर शर्यत आहे." आणि बोलताबोलता कारण बाहेर पडतं. त्याला हवी होती स्पिटफायर. ट्रायम्फने १९६२ मध्ये काढलेली ती स्पोर्ट्‌स कार बाहेरून आणणं त्याच्या पगाराच्या आणि परवान्याच्या पलीकडचं. पण तिची चासी म्हणजे हेरल्डचीच, आखूड केलेली. दोघींचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेलं. हेरल्डच्या ९४८ सीसीच्या इंजिनात शर्यत जिंकण्याची ताकद नाही, हे तो जाणतो. तरी पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती एका दमात वळते. घाटकोपरच्या गल्लीत तो वळून दाखवील, म्हणतो. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसतं, ते तुम्ही घरी कधीच पाहिलेलं नाही. पगाराची ओढाताण, भाडं, शाळेची फी यांच्याआधीचा हा माणूस तुम्हाला इथेच भेटतो.

परत या. हातात पेपर आहे, दारावर तिन्ही रंगांच्या कडा दिसतायत.

कामाची बाजू आधी उरका. वारसाने वाहन नावावर करून घ्यायचा फॉर्म ३१ वडाळ्याच्या आरटीओत द्यायचा आहे. तो मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणून दुःखाच्या दिवसांतही तारखेवर नजर ठेवावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते आणि जुना नंबर राखता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असावं अशी अपेक्षा असते, आणि ती मला रास्त वाटते. त्या तिन्हींना हात लावू नका.

पण रंग आणि बुश कोणत्या सालाचे ठेवायचे हे कायदा सांगत नाही. हौशी मंडळी कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे गाडी नेऊ पाहतात. शोरूममधल्या त्या दिवशी बाबांना ती अजून कळलेली नव्हती. हिरव्या रंगातला तो तरुण मोहात पाडतो, पण तुम्ही त्याच्या गाडीत कधी बसलेला नाहीत. १९७६ ची गाडी मात्र त्यांचीही आहे आणि तुमचीही. तिच्यात कुर्ल्याचं पितळ आहे, तिच्या खिडकीला तुमचं नाक लागलेलं आहे.

पेंटरला क्रीम सांगा. दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, हिरवा तसाच सोडायला सांगा. कुर्ल्याचा बुश झिजला नसेल तर बदलू देऊ नका. झिजला असेल तर त्याच मापाचा पुन्हा कातून घ्या. आणि ग्रीस गन घेऊन येणाऱ्या पोराला ट्रनियनपाशी थांबवा. नव्वद नंबरचं गिअर ऑइल.