बाटलीवर गावाचं नाव

मी वेल्ह्याचा, आणि आज बोलणार पांढऱ्या वाईनवर. हसू नका. (एकवीसच्या आतल्यांनी फक्त ऐकायचं!)

आमच्याकडं पाऊस असा कोसळतो की भात पिकतो, द्राक्षाचं नाव काढायला नको. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिवनेरीच्या पलीकडं नारायणगावला, पाऊस बेताचा आणि कुकडीचं पाणी. तिथं १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ पांढरी वाईन काढली. पद्धत शॅम्पेनची. वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, म्हणजे वायू बाहेर पडत नाही आणि बूच उघडल्यावर बुडबुडे येतात.

आता गंमत बघा. ही वाईन परदेशात विकली गेली 'ओमर खय्याम' नावानं आणि भारतात 'मार्क्विस द पॉम्पादूर' नावानं. एक इराणी कवी, दुसरी फ्रेंच राजाची प्रेयसी. द्राक्षं जुन्नर तालुक्यातली, नावात मात्र जुन्नर कुठंच नाही! पुढं २००८च्या मंदीनंतर कंपनी कर्जात बुडाली.

नाशिकनं वेगळं केलं. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून कंपनीला 'सुला' म्हटलं आणि २००० साली सोविन्यो ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या वाईन बाजारात आणल्या. २००५ला मळ्यातच चव घ्यायची खोली उघडली. माझ्या मते खरा डाव तो. पांढरी वाईन थंडगार प्यायची, शेनिन तर जराशी गोडसर. पहिल्यांदाच चाखणाऱ्याला ती घाबरवत नाही. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी चालते, तेव्हा मुंबई-पुण्याची पोरं जातात, द्राक्षं तुडवतात, धरणाकडं बघत बसतात. येताना बाटली आणतात आणि घरी सांगतात, "नाशिकची आहे."

आमच्याकडं माणसं येत नाहीत का? येतात की! राजगड तर पंचवीसएक वर्षं महाराजांची राजधानी. शनिवार-रविवारी गुंजवण्याच्या वाटेवर रांग लागते. वर पद्मावती माचीवर ताक-सरबत, खाली पिठलं-भाकरी, की लगेच गाडी पुण्याकडं. आमचा इंद्रायणी तांदूळही पुण्यालाच जातो, बिननावाच्या पोत्यातून. तिथं दुकानात तुम्ही तो घेता, आणि ज्या खाचरांच्या बांधावर उभं राहून सेल्फी काढला, त्यातलाच तो असेल, हे तुम्हाला कोणी सांगत नाही.